चार दिवस, एक किनारा: श्रीलंकेत दोघांना बस-रेल्वेनं जमेल का?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही दोघं ठाण्याला राहतो. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात दोघांच्याही सुट्ट्या अचानक जुळल्या आणि मुंबई-कोलंबो तिकीट स्वस्तात दिसलं म्हणून रात्री साडेअकराला काढून टाकलं. गुरुवारी रात्री निघणार, मंगळवारी पहाटे परतीचं विमान. उनावटुनाला पहिल्या दोन रात्रींची खोली घेतली आहे, पुढचं काहीच ठरवलेलं नाही. समुद्र आणि आराम, एवढंच हवंय. मिस्टर म्हणतात तिथल्या बस, रेल्वे, रिक्षानंच फिरू. मला धास्ती वाटते. परका देश, भाषा येत नाही, रिक्षावाले फसवतील, रात्री कुठेतरी अडकू. चार दिवस ड्रायव्हरसकट गाडी घ्यावी का? आणि सॅक न्यावी की ट्रॉली बॅग?"

जमेल. गाडी घेऊ नका. मी २०१२ पासून दरवर्षी सहा-आठ जणांचे छोटे गट घेऊन श्रीलंकेला जाते आणि तुमच्यासारख्या जोडप्यांना कागदावर मार्ग आखून देते. आईवडील बरोबर असतील, मांडीवर मूल असेल किंवा एल्ला-कँडीच्या डोंगरात जायचं असेल, तर मी स्वतःच गाडी घ्यायला सांगते. तुम्ही दोघंच आहात, चार दिवस आहेत आणि किनाऱ्यावरच राहायचं आहे. अशा वेळी गाडी घेतली की ती दारात उभी आहे म्हणून रोज कुठेतरी जावंसं वाटतं, आणि आराम तेवढा राहून जातो.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अर्धी धास्ती तिथेच जाईल. हिक्कडुवापासून मातरपर्यंतचा किनारा साठ-पासष्ट किलोमीटरचा आहे. हिक्कडुवा, गाल्ल, उनावटुना, दलावेल्ला, कोग्गला, अहंगम, वेलिगम, मिरिस्सा, मातर ही सगळी नावं एका माळेत ओवल्यासारखी आहेत. त्या माळेचा दोरा म्हणजे एक मुख्य रस्ता आणि त्याला लागून जाणारी एक रेल्वे. गाल्लहून मातरकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, परत येताना डाव्या हाताला. चुकून पुढे गेलात तर रस्ता ओलांडायचा आणि उलट दिशेची बस पकडायची. आपल्या कोकणात एका खाडीवरून दुसऱ्या खाडीकडे जायचं तर घाट, फाटे, कधी फेरीबोटीची वाट बघणं असतं. इथे तसं काही नाही.

म्हणून मी जोडप्यांना एकच गोष्ट सांगते. दोन्ही टोकं घट्ट बांधा आणि मधलं मोकळं सोडा. पहिलं टोक म्हणजे विमानतळावरून पहिल्या खोलीपर्यंत पोहोचणं. दुसरं टोक म्हणजे शेवटच्या खोलीतून विमानतळावर पोहोचणं. ही दोन घरून ठरवून निघा. मधले दिवस सकाळी चहा पिताना ठरवले तरी चालतं, किनारा तेवढी मुभा देतो. घोळ होतात ते टोकं सैल राहिली की. मध्यरात्री विमानतळाबाहेर उभं राहून "आता कसं जायचं?" सुरू झालं, तर चार दिवसांची सुट्टी पहिल्या तासातच कडू होते.

आता पहिलं टोक. तुम्ही कातुनायकेला, म्हणजे कोलंबोच्या विमानतळावर, अपरात्री उतराल. मुंबईहून प्रवास अडीच तासांचाच आहे आणि घड्याळही बदलावं लागत नाही, त्यांची आणि आपली वेळ एकच. पण गुरुवारचं ऑफिस करून निघालेली माणसं पहाटे तीनला दमलेली असतात. त्या वेळी पैसे वाचवायला जाऊ नका. उनावटुनाच्या गेस्टहाउसला आजच निरोप पाठवा की विमानतळावर टॅक्सी पाठवा. भाडं आधी ठरवून घ्या आणि त्यात एक्स्प्रेसवेचा टोल धरलाय का, हे नीट विचारा. कातुनायके एक्स्प्रेसवे, मग कोलंबोच्या बाहेरून वळसा घालणारा रिंगरोड आणि पुढे सदर्न एक्स्प्रेसवे असा सलग रस्ता आता झाला आहे. शहरात शिरावं लागत नाही. अडीच-पावणेतीन तासांत, उजाडताना तुम्ही उनावटुनाला असाल. दिवसा उतरणारं कुणी वाचत असेल, तर त्यांनी १८७ नंबरच्या बसनं कोलंबोच्या फोर्ट भागात जावं आणि तिथून रेल्वे पकडावी. त्या रेल्वेबद्दल मला सविस्तर लिहायचंच आहे.

त्याआधी विमानतळावरची दोन कामं. एक, आगमनाच्या हॉलमधून तिथलं सिम घ्या. दुसरं, पैसे. बँकांचे काउंटर तिथेच असतात. सध्या आपल्या एका रुपयाला तिथले साधारण साडेतीन मिळतात, म्हणजे कुठलाही आकडा ऐकला की साडेतीननं भागायची सवय लावा. एटीएममधून पाच हजारांच्या करकरीत नोटा येतात आणि त्या बसच्या कंडक्टरपुढे धरता येत नाहीत. काउंटरवरच वीस, पन्नास, शंभर आणि पाचशेच्या नोटा मागून घ्या. यूपीआय श्रीलंकेत १२ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालं. क्यूआर लावलेल्या दुकानांत आणि हॉटेलांत ते चालतं, पण आपल्या ॲपमध्ये परदेशातल्या व्यवहारांची परवानगी आधी चालू करावी लागते. बस, रेल्वेचं तिकीट आणि रिक्षा यांना मात्र रोख रक्कमच लागते.

तिथल्या भाड्यांचे आकडे मी मुद्दाम देत नाहीये. २०२२ मध्ये तिथे आर्थिक संकट आलं, पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा लागल्या, त्यांचा रुपया कोसळला आणि बस-रिक्षाची भाडी खूप चढली. त्याआधी जाऊन आलेली कुणी मैत्रीण सांगेल, "अगं, आम्ही तर दोनशेत गेलो होतो." तो आकडा मनात धरून रिक्षावाल्याशी भांडू नका. अंदाजापुरतं सांगते: ठाण्यात तीन-चार किलोमीटर रिक्षा केली की जेवढे पैसे होतात, साधारण तेवढ्यात गाल्लहून मातरपर्यंत, पंचेचाळीस किलोमीटर, साध्या बसनं एक माणूस जातो.

किनारा रेल्वे चुकवू नका. जाताना जमणार नसेल तर मधल्या एखाद्या दिवशी जमवा. कोलंबोच्या फोर्ट स्टेशनहून सुटणारी ही लाइन १८९० च्या दशकातच मातरपर्यंत पोहोचली होती. २०१९ मध्ये ती पुढे बेलिअत्तपर्यंत वाढवली. रूळ आपल्यासारखेच ब्रॉडगेज, काही गाड्यांचे डबे चेन्नईच्या कारखान्यात बनलेले. फोर्ट सोडलं की थोड्याच वेळात गाडी समुद्राला येऊन भिडते. वेल्लवत्त, देहिवल, माउंट लॅव्हिनिया या भागात रूळ आणि लाटा यांच्यामध्ये काळ्या दगडांची एक रांग तेवढी असते. खिडकीतून हात बाहेर काढला तर तळव्यावर खारा ओलावा लागतो. गाल्लकडे जाताना उजव्या हाताची खिडकी धरा. गाल्ल हे टोकाचं स्टेशन आहे. मातरकडे जाणारी गाडी तिथे तोंड फिरवते आणि मागचा डबा पुढे होतो. त्यामुळे पुढच्या प्रवासात समुद्र समोरच्या बाजूच्या खिडकीला जातो. माझ्या गटातली माणसं गाल्लला गाडी उलटी निघाली की दचकून उठतात. तुम्ही दचकू नका, फक्त जागा बदला.

फोर्टहून गाल्लला अडीच ते तीन तास लागतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाचं बिनआरक्षित तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं आणि ते इतकं स्वस्त असतं की आधी बुक करण्यात वेळ घालवू नये. तिकीट जपून ठेवा, बाहेर पडताना फाटकावर ते परत घेतात. संध्याकाळी चार ते सहा या वेळात फोर्टहून दक्षिणेकडे निघू नका. ती तिथल्या ऑफिसांची सुटायची वेळ आहे. ठाणेकरांना यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नाही. शनिवारी-रविवारी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास कोलंबोचे लोक स्वतःच किनाऱ्याकडे निघतात, तेव्हाही उभं राहावं लागतं. मधल्या वारी दुपारी जागा मिळते. अननास-तिखटमीठवाले, तळलेले कोळंबीचे वडे विकणारे, डफली वाजवत गाणारा एखादा अंध गायक, असं सगळं डब्यातून जात राहतं.

हिक्कडुवाच्या थोडं अलीकडे परेलिय नावाचं गाव लागतं. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी त्सुनामीची लाट आली तेव्हा मातरकडे निघालेली भरलेली गाडी तिथे उभी होती. पहिल्या लाटेनंतर आसपासची माणसंही आसऱ्याला डब्यांत चढली आणि दुसरी लाट त्याहून मोठी आली. सतराशेच्या वर माणसं गेली. रेल्वेच्या इतिहासात याहून मोठा अपघात नाही. रस्त्यालगत स्मारक आहे, उंच उभा बुद्ध आहे. गाडी तिथून जाताना डब्यातली म्हातारी माणसं अजूनही हात जोडतात. हे तुम्हाला उदास करायला सांगत नाही. ज्या किनाऱ्यावर आपण पाय सोडून बसणार आहोत त्याचं हे माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता बस, कारण तुमचं खरं फिरणं बसनंच होणार आहे. गाल्लला रेल्वे स्टेशन, बस स्टँड आणि क्रिकेटचं स्टेडियम एकमेकांच्या शेजारी आहेत आणि रस्ता ओलांडला की किल्ला. गाल्ल-मातर बसचा नंबर ३५०. कोलंबो-मातर गाड्यांवर २ नंबर असतो, पुढे तिस्समहाराम-कतरगमकडे जाणाऱ्या ३२ नंबरच्या गाड्याही याच रस्त्यानं जातात. पाट्या सिंहलीत असल्या तरी आकडे आपल्याला वाचता येतात, म्हणून नंबर बघून चढायचं. लाल गाडी सरकारी, तिला 'लंगम' म्हणतात. बाकीच्या खासगी. बहुतेक गाड्या अशोक लेलँडच्या आहेत, त्यामुळे इंजिनाचा आवाजसुद्धा ओळखीचा वाटतो.

गाडी स्टँडवरून हलते तेव्हा कंडक्टर दारात लोंबकळत "मातर, मातर, मातर" ओरडत असतो. चढताना त्याला गावाचं नाव सांगा: "उनावटुना, दोन." तो लगेच पैसे घेईलच असं नाही. बोटांच्या बेचक्यात उभ्या घडीच्या नोटा धरून तो मागून फिरत येतो, तेव्हा द्यायचे. दोनदा द्यावे लागतील का, अशी शंका घेऊ नका. तीस माणसांतून कोण कुठे चढलं, हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. उतरायचं ठिकाण तो विसरू शकतो, म्हणून मोबाइलवर नकाशा उघडा ठेवा आणि पाचशे मीटर आधीच दाराकडे सरका. "बहिनवा" म्हटलं की उतरायचंय हे त्याला कळतं. उनावटुनाला गाडी मुख्य रस्त्यावर सोडते, तिथून किनारा पाच-दहा मिनिटं चालत.

ड्रायव्हरच्या मागची पुढची जागा बौद्ध भिक्षूंसाठी राखीव असते. ती रिकामी दिसली तरी बसू नका. एखादे भिक्षू चढले की पाच वर्षांच्या मुलापासून आजीपर्यंत सगळे उठतात. आणि उभं राहावं लागलं तर बसलेली एखादी बाई न विचारता तुमची पिशवी ओढून आपल्या मांडीवर घेईल. पहिल्यांदा माझी घेतली तेव्हा मी घाबरून पट्टा धरून ठेवला होता. तो तिथला रिवाज आहे. उभ्या माणसाचं ओझं बसलेल्यानं सांभाळायचं. हसून द्यायची.

बायकांच्या बाबतीत एक स्पष्ट बोलते. गर्दीच्या बसमध्ये नको तो स्पर्श होण्याचा त्रास तिथेही आहे. उपाय सोपा: कोंबून भरलेल्या गाडीत चढू नका. दिवसा या रस्त्यावर दहा मिनिटांच्या आत दुसरी येते. उभं राहायचंच असेल तर दोघांनी एकमेकांना लागून, बायका बसल्या असतील त्या सीटजवळ.

रिक्षा. तिथे तिला 'थ्री-व्हील' म्हणतात, पण नव्वद टक्के वेळा समोर उभी असते ती बजाज. संभाजीनगरजवळच्या वाळूजला बनलेली ती गाडी हिरव्या, निळ्या, लाल रंगात, पुढच्या काचेवर फुलांची माळ लावून परदेशात भेटते, तेव्हा मला दरवेळी बरं वाटतं. कोलंबोत पिकमी आणि उबर ही ॲप उत्तम चालतात. किनाऱ्यावर मात्र गावातल्या रिक्षावाल्यांचे आपापले स्टँड आहेत आणि बाहेरच्या ॲपवाल्यानं तिथून प्रवासी उचललेलं त्यांना चालत नाही. त्यामुळे ॲपवर गाडी दिसेल, पण येईलच असं नाही. तरीही ॲप उघडा, कारण अंतराचं रास्त भाडं किती, ते त्यावर कळतं. स्टँडवरचा माणूस त्याच्या दीडपटीपर्यंत मागेल तर ते फसवणं नव्हे, परतीचं रिकामं यावं लागतं त्याचे पैसे त्यात असतात. त्याहून जास्त मागितलं तर नम्रपणे आपला आकडा सांगा आणि दोन पावलं पुढे चाला. बसण्याआधी ठिकाण, माणसं दोन आणि एकूण रक्कम, हे तिन्ही मोठ्यानं बोलून घ्या.

एक गोष्ट मात्र सांभाळा. घासाघीस एकानंच करायची, दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. मी जोडपी बघते. तो रिक्षावाल्याशी सहाशेवर अडून बसलेला असतो, ती मागून म्हणते, "जाऊ दे ना, सातशे तर सातशे." मग भांडण रिक्षावाल्याशी राहत नाही. शंभर म्हणजे आपले अठ्ठावीस-तीस रुपये, पण तेवढ्यावरून संध्याकाळ फुकट गेलेली मी पाहिली आहे. सकाळीच ठरवा: आज बोलणार कोण आणि आपली वरची मर्यादा किती. मर्यादेच्या आत असेल तर दुसऱ्यानं मुकाट बसायचं.

हे मी अनुभवातून सांगते. २०११ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो तेव्हा सदर्न एक्स्प्रेसवे सुरू व्हायचा होता, तो त्या वर्षी नोव्हेंबरात गाल्लपर्यंत खुला झाला. आम्ही मिरिस्साला उतरलो होतो आणि दिवसभर गाल्ल बघायला आलो. किल्ल्याच्या तटावर सूर्यास्त बघितला, मग अंधार, मग जेवण. स्टँडवर आलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते आणि फलाट रिकामा. एका रिक्षावाल्यानं मिरिस्साचे पंधराशे सांगितले. नवऱ्यानं हजार म्हटलं. पाचशेचा फरक म्हणजे तेव्हाचे आपले दोनशे रुपये. तो माणूस मान हलवून निघून गेला. नंतर पाऊण तासानं एक लांब पल्ल्याची गाडी आली, तिच्यात तासभर उभे राहिलो. कंडक्टर आमचं ठिकाण विसरला. दोन किलोमीटर पुढे उतरलो आणि काळोखात, बाजूपट्टी नसलेल्या रस्त्यानं, लॉरींचे दिवे डोळ्यांवर घेत उलटं चालत आलो. एक शब्द बोललो नाही एकमेकांशी. दुसऱ्या दिवशीचा समुद्रही तसाच गेला, गप्प. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: अंधार पडला की हिशेब बंद. सातनंतर मागेल ते भाडं द्यायचं आणि खोलीवर जायचं. माझ्या प्रत्येक जोडप्याच्या कागदावर हे वाक्य मी हातानं लिहिते.

स्कूटर भाड्यानं मिळते आणि मिस्टरांना मोह होईल. आपल्या नुसत्या भारतीय परवान्यावर तिथे गाडी चालवणं कायदेशीर नाही, तिथली मान्यता वेगळी घ्यावी लागते. ती नसताना काही झालं तर प्रवास विमाही पैसे देत नाही. त्या रस्त्यावर खासगी बस एकमेकींशी शर्यत लावल्यासारख्या धावतात. चार दिवसांसाठी नको.

भाषेची काळजी तर मुळीच नको. किनाऱ्यावर इंग्रजीवर सगळं भागतं, पण सिंहली ही आपल्याच घराण्यातली भाषा आहे, हे रस्त्यावर पदोपदी कळतं. रिक्षावाल्याला डावीकडे सांगायचं तर 'वम', उजवीकडे 'दकुण'. वाम आणि दक्षिण! वेलिगम म्हणजे वाळूचं गाव: 'वॅलि' वाळू, 'गम' गाव. मीठ 'लुणु'. मोठी बहीण 'अक्का', आणि धाकट्या भावाला 'मल्ली' म्हणतात. तरुण रिक्षावाल्याला "मल्ली, कीयद?" म्हणजे "भाऊ, किती?" असं विचारलंत, की पहिला आकडाच जरा खाली येतो. आभार मानायला "स्तुती".

आता मधल्या दिवसांचं. पहिला दिवस झोपा आणि उनावटुनाच्या पाण्यात उतरा, तो उपसागर बराच शांत असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बसनं गाल्ल. किल्ला पोर्तुगीजांनी सुरू केला आणि डचांनी आजच्या रूपात बांधला, १९८८ पासून तो जागतिक वारसा आहे. उन्हं चढायच्या आत तटावरून पूर्ण फेरी मारून या. तिसऱ्या दिवशी वेलिगम की मिरिस्सा, हे तिथेच ठरवा. लाटांवर फळीवर उभं राहायला शिकायचं असेल तर वेलिगम, नुसतं पडून राहायचं असेल तर मिरिस्सा. दोन्हींत पाच-सहा किलोमीटरचंच अंतर आहे. खोली आदल्या रात्री फोनवर मिळते. फक्त शनिवारची रात्र असेल तर दुपारीच पक्की करा. देवमासे बघायच्या बोटी मिरिस्साच्या बंदरातून भल्या पहाटे सुटतात आणि फेब्रुवारी हा त्यांचा हंगाम आहे. जाणार असाल तर बंदरापर्यंतची रिक्षा आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा. लाल निशाण दिसलं तर पाण्यात उतरू नका. आपल्याला पोहता येतं की नाही याचा तिथे संबंध नाही, पाणी आत ओढतं.

तुमचा महिना योग्य आहे. हे वाचून मे महिन्याच्या सुट्टीत निघणाऱ्यांना मात्र थांबवते. आपल्याकडे येणारा पावसाळा आधी त्यांच्या या किनाऱ्यावर उतरतो. मे ते सप्टेंबर दक्षिणेचा समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पूर्वेला त्रिंकोमाली किंवा अरुगम बे गाठावं.

घरातलं कालनिर्णय काढा आणि तुमच्या तारखांत पौर्णिमा येते का, ते बघा. तिथे प्रत्येक पौर्णिमा सार्वजनिक सुट्टी असते, 'पोय'. दारू विकत नाहीत, आणि शनिवार-रविवारला जोडून आली तर रेल्वे, बस दोन्ही तुडुंब. पण त्या संध्याकाळी एखाद्या गावच्या विहारात जा. पांढऱ्या कपड्यांतली अख्खी कुटुंबं, मातीच्या पणत्या आणि कमळं. ते सोडू नये.

फसवणुकीचं विचारलंत. मोठी फसवणूक मी पाहिलेली नाही, लहानसहान आहे. फोर्ट स्टेशनबाहेर कुणी गोड बोलून सांगेल, "आज गाडी रद्द आहे, मी सोडतो." खिडकीवर जाऊन स्वतः विचारा. रिक्षावाला वाटेत रत्नांच्या दुकानाशी किंवा मसाल्याच्या बागेशी थांबवेल, तिथून त्याला वाटा मिळतो. "आज नको" एवढं पुरतं. शाकाहारी असाल तर नारळाच्या लाल चटणीबद्दल, पोल संबोलबद्दल, विचारूनच खा. तिच्यात बहुतेकदा सुकवलेल्या माशाचा चुरा असतो.

दुसरं टोक. मंगळवारी पहाटेचं विमान आहे, तर सोमवारची रात्र मिरिस्साला काढू नका. सोमवारी नाश्ता करून बसनं गाल्ल गाठा. तिथल्या स्टँडवरून एक्स्प्रेसवेची वातानुकूलित बस सुटते, ती माकुंबुरला कोलंबोच्या वेशीवर आणून सोडते. तिथून ॲपची टॅक्सी करून नेगोंबो. नेगोंबो विमानतळापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे आणि त्यालाही स्वतःचा किनारा आहे, म्हणजे शेवटची संध्याकाळही समुद्रावरच जाते. त्या दिवशी रेल्वेवर भरवसा ठेवू नका. ती उशिरा धावते, आणि समुद्र बघत उशीर होणं वेगळं, विमान गाठताना होणं वेगळं. पहाटेची टॅक्सी नेगोंबोच्या गेस्टहाउसमध्ये शिरतानाच सांगून ठेवा.

आज रात्री करायचं आणखी एक काम: ईटीए, म्हणजे प्रवेशाची ऑनलाइन परवानगी. तिचे नियम आणि शुल्क गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बदललेत, म्हणून कुणाच्या सांगण्यावर न जाता श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा. हुबेहूब दिसणारी आणि जास्त पैसे घेणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत.

आणि सॅक की ट्रॉली, तर सॅक. दोन, प्रत्येकी सात-आठ किलोच्या, बसमध्ये मांडीवर घेऊन बसता येतील एवढ्याच. ट्रॉली ठेवायला ३५० नंबरच्या गाडीत जागा नसते, आणि तेवढी मोठी पेटी कुणा अनोळखी बाईच्या मांडीवरही देता येणार नाही.